चार मुठी, सहा जण आणि अनोव्हा म्हणतो फरकच नाही

रंधा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळे आकडे इथेच देते, म्हणजे कुणाला परत विचारायला नको.

मी हातअवजारांचं डिझाइन करते. सध्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवर काम चालू आहे. चार नमुने तयार आहेत. अ ही साधी गोल मूठ, अंगावर उभ्या खाचा. ब सहा पैलूंची. क मधोमध फुगीर, टोकाकडे निमुळती आणि वरून मऊ रबर. ड म्हणजे आडव्या दांडीची. पातं चारही मुठींना एकच.

चाचणी अशी केली: लाकडी फळीत दहा स्क्रू आधीच अर्धे बसवून ठेवायचे. घड्याळ सुरू झालं की दहाही पूर्ण बसवायचे, शेवटच्या स्क्रूचं डोकं फळीला टेकलं की घड्याळ बंद. सहा जणांनी चारही मुठी वापरून पाहिल्या. वेळ सेकंदांत, क्रम अ, ब, क, ड:

पहिला: ४५, ४०, ३८, ४५
दुसरा: ५०, ५०, ४८, ५२
तिसरी: ६०, ५९, ५३, ६०
चौथा: ५०, ४६, ४१, ५१
पाचवा: ६६, ६१, ६२, ७१
सहावी: ५९, ५६, ५२, ५७

सरासरी अ ५५, ब ५२, क ४९, ड ५६. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने निवडून सिंगल फॅक्टर अनोव्हा (सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) चालवला. एफ, म्हणजे मुठींमधला चढउतार भागिले बाकीचा चढउतार, आला ०.८४ आणि पी व्हॅल्यू (मुठी सारख्याच असताना निव्वळ योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता) जवळजवळ ०.५. म्हणजे मुठींमध्ये फरक आहे असं म्हणायला काहीच आधार नाही.

माझा जीव इथेच अडकलाय. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. क घेतली की माणसाचा हात सुटतो, मूठ मध्येच सोडून पुन्हा पकडावी लागत नाही, हे मी समोर उभी राहून पाहिलं. मग आकड्यांत ते का उतरत नाही? आता यातल्या एकाच मुठीचा साचा बनवायचा आहे, आणि साचा एकदा बनला की बदलणं सोपं नसतं.

एक सहकारी म्हणाला, त्याच सहा जणांकडून प्रत्येक मूठ तीन-तीनदा वापरून घे, २४ चे ७२ आकडे होतील, मग फरक दिसेल. तसं करू का?

अवशेष

आकडेमोडीत तुमची कुठेही चूक नाही. प्रयोग एका रीतीनं केलात आणि हिशेब दुसऱ्या रीतीनं, एवढंच झालंय.

सिंगल फॅक्टर अनोव्हा असं धरून चालतो की हे २४ आकडे २४ वेगवेगळ्या माणसांचे आहेत, सहा जणांना अ दिली, दुसऱ्या सहा जणांना ब, वगैरे. तुमच्याकडे तर माणसं सहाच आणि प्रत्येकानं चारही मुठी वापरल्या. प्रत्येक माणूस म्हणजे एक ब्लॉक. पहिल्याची सरासरी ४२ सेकंद, पाचव्याची ६५. दोघांत २३ सेकंदांचं अंतर, आणि त्याचा मुठीशी काही संबंध नाही. एकाचा हात मुळातच चपळ, दुसऱ्याचा सावकाश. मुठींमधला सगळ्यांत मोठा फरक ७ सेकंदांचा. तुम्ही चालवलेल्या हिशेबात माणसामाणसांतलं हे अंतर सगळंच्या सगळं ‘एरर’च्या, म्हणजे कारण न कळलेल्या चढउताराच्या, खात्यात गेलं, आणि त्या ढिगाखाली ७ सेकंद गाडले गेले.

संगणक बाजूला ठेवून कागदावर एक करून बघा. प्रत्येकाच्या आकड्यांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. पहिल्याचे ४५, ४०, ३८, ४५ होते, त्यातून ४२ गेले की राहिले +३, −२, −४, +३. चौथ्याची सरासरी ४७, राहिले +३, −१, −६, +४. सहावीची ५६, राहिले +३, ०, −४, +१. आता क चा रकाना वरून खाली वाचा. तुम्ही उभं राहून जे पाहिलंत ते तिथे लिहिलेलं आहे.

अनोव्हाही हेच करतो, फक्त वर्गांच्या भाषेत. तुमच्या आकड्यांत एकूण चढउतार, म्हणजे सर्वसाधारण सरासरी ५३ पासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, १६०६ आहे. तिची फोड अशी: माणसांमुळे १३७६, मुठींमुळे १८०, आणि उरले ५०. शंभरातले सुमारे ८६ भाग नुसते माणसामाणसांतले.

डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणानं बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) एकूण २३. त्यातले ५ माणसांचे, ३ मुठींचे, १५ उरलेल्याचे. मुठींचे १८० भागिले ३ म्हणजे ६०. उरलेले ५० भागिले १५ म्हणजे ३.३३. एफ = ६० / ३.३३ = १८. पाच टक्क्यांच्या पातळीला ३ आणि १५ डीएफसाठी कोष्टकातला आकडा ३.२९ आहे, म्हणजे शंकेला फारशी जागा नाही. तुमच्या आधीच्या हिशेबातही वरचे ६० हेच होते. खाली मात्र १३७६ आणि ५० एकत्र होऊन १४२६ भागिले २०, म्हणजे ७१.३ बसले होते. ६० / ७१.३ = ०.८४. छेद तेवढा बदलला.

स्प्रेडशीटमध्ये ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ हा पर्याय घ्या. ओळींत माणसं, रकान्यांत मुठी. ओळींचा एफही तिथे छापून येईल (८२ च्या पुढे), त्याच्याकडे बघून हरखू नका. माणसं सारखी नसतात हे आधीच माहीत होतं, म्हणून तर ब्लॉक केले.

ब्लॉक हा शब्द शेतातला आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रुजू झाले. एकाच शेताच्या एका कडेची माती कसदार, दुसरीची हलकी. मग बियाण्याचा फरक कोणता आणि मातीचा कोणता? त्यांनी शेताचे असे तुकडे पाडायला सांगितले की एका तुकड्यातली माती जवळपास सारखी असेल, आणि प्रत्येक तुकड्यात सगळी वाणं चिठ्ठ्या टाकून लावायची. तुमचे सहा जण म्हणजे ते सहा तुकडे.

आता ७२ आकड्यांचं. तीन-तीनदा मोजायला हरकत नाही, पण त्या तीन आकड्यांची सरासरी घेऊन पुन्हा २४ च आकडे हिशेबात धरा. एकाच माणसाचे एकाच मुठीवरचे तीन आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. ते स्वतंत्र धरलेत तर उरलेल्याचे डीएफ १५ वरून ६३ वर जातील, आणि ती वाढ खोटी असेल. एखाद्याच्या तळहाताला एखादी मूठच बसत नसेल तर तीनदा मोजून ती बसायला लागत नाही. माहिती वाढवायची असेल तर माणसं वाढवा.

दोन गोष्टी मात्र विचारायच्या आहेत. प्रत्येकानं मुठी कोणत्या क्रमानं वापरल्या? आणि पाचव्याच्या वेळी काय झालं? माणसाचा आणि मुठीचा वाटा काढून घेतल्यावर त्याच्या ओळीत −१, −३, +१, +३ उरतात. वर्गांची बेरीज २०. एकूण ५० पैकी २० एकट्या त्याचे.

पाना

अवशेष यांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त क्रमवारी लावून पाहिली, कारण वेळेच्या आकड्यांत कधीकधी एखादा फार मोठा आकडा सगळं ओढून नेतो. प्रत्येक माणसापुरतं मुठींना १ ते ४ क्रमांक दिले. सहापैकी पाच जणांकडे क पहिली. फक्त पाचव्याकडे ब पहिली आणि क दुसरी, तीही एका सेकंदानं. नुसत्या क्रमांकांवर चालणाऱ्या फ्रीडमन चाचणीचा आकडा, बरोबरीच्या जागा दुरुस्त करून, १५.३ येतो. कोष्टकातला ७.८१. म्हणजे हा निष्कर्ष वितरणाच्या आकारावर उभा नाही.

घडीव

एफनं इतकंच सांगितलं की चारही सारख्या नाहीत. साचा कुणाचा करायचा ते त्यावरून ठरत नाही. टुकीची तुलना करा, ती सगळ्या जोड्या एकत्र धरून कोणत्या दोन सरासऱ्या वेगळ्या ते सांगते. चार मुठी, १५ डीएफ, कोष्टकातला क्यू ४.०८. त्याला ३.३३ भागिले ६ याच्या वर्गमुळानं, म्हणजे ०.७४५ नं गुणलं की ३.०४. ज्या दोन सरासरींत ३.०४ पेक्षा जास्त अंतर आहे त्या वेगळ्या म्हणायच्या.

क आणि ड मध्ये ७, क आणि अ मध्ये ६, ब आणि ड मध्ये ४. या तिन्ही जोड्या वेगळ्या. क आणि ब मध्ये बरोब्बर ३.००, म्हणजे सीमेच्या आत. तेव्हा ब आणि क सारख्याच. जी बनवायला सोपी ती घ्या, रबर चढवायची एक पायरी वाचेल.

अवशेष

घडीव, गणित बरोबर आहे, पण ‘सारख्याच’ हा शब्द मला मान्य नाही. क आणि ब मधल्या फरकाचा टुकी-पट्टा, म्हणजे खरा फरक ज्या हद्दीत असू शकतो ती हद्द, −०.०४ ते ६.०४ सेकंद येतो. त्यात शून्य जेमतेम शिरलंय, आणि सहा सेकंदही आहेत. सहा सेकंदांचा फरक असण्याची शक्यता उघडी असताना दोन्ही सारख्या कसं म्हणणार? ‘या आकड्यांवरून दोघींत निवाडा होत नाही’ इतकंच म्हणता येईल.

प्रत्येक जोडी सुटी तपासणारा साधा एलएसडी लावला असता तर मर्यादा २.२५ आली असती आणि क जिंकली असती. तरी टुकीच बरोबर. चार मुठींच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला पाच टक्के चुकायची मुभा दिली की सहांपैकी निदान एकीत फसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या बरीच वर जाते.

रंधा

मनापासून आभार. रात्री कागदावर वजाबाक्या केल्या. क चा रकाना वाचून खरंच हलकं वाटलं.

क्रमाबद्दल विचारलंत. चार चिठ्ठ्या डब्यात टाकून प्रत्येकाकडून एकेक काढून घेतली होती, आणि दोन मुठींमध्ये दहा मिनिटं विश्रांती. पण पाचव्याच्या वेळी तसं झालं नाही. तो उशिरा आला, कार्यशाळा बंद व्हायला अर्धा तासही उरला नव्हता. मी चिठ्ठ्या न काढता त्याला अ, ब, क, ड अशा सरळ क्रमानं मुठी दिल्या आणि मध्ये विश्रांतीही दिली नाही. ड च्या वेळी सातव्या स्क्रूनंतर त्यानं मनगट झटकलं होतं. वहीत त्या दिवशीच लिहून ठेवलंय: ‘चिठ्ठ्या नाहीत, सलग.’

मग मी त्याला वगळून हिशेब केला. पाच जणांवर सरासरी अ ५२.८, ब ५०.२, क ४६.४, ड ५३. उरलेल्याचे २६ भागिले १२. एफ आला २१.८. ब आणि क मधलं अंतर ३.८, टुकीची मर्यादा २.७६. म्हणजे पाचवा काढला की क स्पष्ट जिंकते, ठेवला की अडकते.

आणि इथेच मला भीती वाटते. मला क आवडते. मला हवं ते उत्तर यावं म्हणून मी माणूस काढतेय का?

अवशेष

हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात हे फार चांगलं झालं.

वगळण्याचं कारण वहीतून यायला हवं, आकड्यातून नाही. तुमच्या वहीत कारण आहे, ते त्याच दिवशीचं आहे, आणि उत्तर काय येणार हे माहीत नसताना लिहिलेलं आहे. ही तुमची बाजू भक्कम. दुसरी बाजूही आहे. आपण त्या ओळीकडे वळलो ते उरलेले आकडे मोठे दिसले म्हणून. सहावीच्या वेळी चिठ्ठ्या राहिल्या असत्या तर आपण विचारलंही नसतं, तिची ओळ गप्प आहे. म्हणून अहवालात दोन्ही हिशेब द्या, सहांचा आणि पाचांचा, आणि वहीतली नोंद जशीच्या तशी.

−१, −३, +१, +३ हे पाहून ‘हात थकत गेला’ असं वाटतं खरं. मनगट झटकल्याची तुमची आठवण त्याला जुळते. पण चार आकड्यांवर कोणतीही गोष्ट बसवता येते. कदाचित त्याला क आवडलीच नसेल. क्रम आणि मूठ एकत्र बांधले गेले की त्यातलं कोणतं कारण खरं हे कुठलाही अनोव्हा सोडवून देत नाही. माणसांतलं अंतर वजा करता आलं कारण प्रत्येकानं चारही मुठी वापरल्या होत्या. पाचव्याच्या बाबतीत क्रमाचा परिणाम वजा करायला आपल्याकडे काही नाही.

तुमची खरी अडचण आता चार मुठींची राहिलेलीच नाही. अ आणि ड दोन्ही हिशेबांत क च्या मागे आहेत, त्या सोडून द्या. प्रश्न ब की क एवढाच. त्यासाठी नवी माणसं घ्या, प्रत्येकाला या दोनच मुठी द्या, निम्म्यांना ब आधी, निम्म्यांना क आधी. दोनच मुठी असल्या की ब्लॉकचा अनोव्हा म्हणजे जोडीचा टी-टेस्टच (प्रत्येक माणसाच्या दोन आकड्यांतला फरक तपासणारी चाचणी), एफ हा टी चा वर्ग असतो.

किती माणसं? तुमच्या सहांमध्ये ब वजा क हे फरक २, २, ६, ५, −१, ४ आहेत. त्यांचं प्रमाण विचलन सुमारे २.५. खरा फरक ३ सेकंदांचा असेल तर दहा जणांत तो पकडला जाण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. ब्लॉक न करता हे करायला गेला असता तर किती लोक लागले असते तेही काढून पाहिलं. तुमच्या चार मुठींच्या प्रयोगाइतकी अचूकता यायला प्रत्येक मुठीला सहाऐवजी ११२ च्या आसपास माणसं लागली असती.

पुढे कधी पुन्हा चार नमुने आले तर चिठ्ठ्यांपेक्षा हे चार क्रम वापरा: अ ब ड क, ब क अ ड, क ड ब अ, ड अ क ब. प्रत्येक मूठ प्रत्येक जागी एकदा येते, आणि प्रत्येक मूठ दुसऱ्या प्रत्येकीच्या लगेच मागे एकदाच येते. कोणाला कोणता क्रम हे मात्र चिठ्ठीनंच ठरवा. माणसं चारच्या पटीत घ्या.

घडीव

‘सारख्याच’ हा शब्द मागे घेतो. पट्टा काढून पाहायला हवा होता. रंधा, निकाल इथे नक्की टाका.

रंधा

दोन आठवड्यांनी येतेय. दहा नवी माणसं मिळाली. या वेळी वहीत क्रमाचा रकाना आधी आखला आणि मगच घड्याळाला हात लावला.

ब वजा क, सेकंदांत. ब आधी घेतलेले पाच जण: ४, २, ५, ३, १. क आधी घेतलेले पाच जण: ६, ३, ४, ०, ५. एकूण सरासरी ३.३, प्रमाण विचलन १.८९, टी ५.५. पंचाण्णव टक्क्यांचा पट्टा १.९ ते ४.७ सेकंद. दोन गटांच्या सरासऱ्या ३.० आणि ३.६, म्हणजे क्रमानं फारसं काही बिघडवलेलं नाही. जुना पाचवा कोणत्याही हिशेबात ठेवला किंवा काढला तरी आता फरक पडत नाही.

दहा स्क्रूंमागे तीन सेकंदांसाठी रबराची पायरी परवडते का, यावर आमची बैठक झाली. दिवसभर स्क्रू बसवणाऱ्या माणसाला परवडते असं ठरलं. साचा क चा.

एक गोष्ट मनातून जात नाही. शून्य फरक आला ती मुलगी. दहांत तिचा तळहात सगळ्यांत लहान. चाचणी संपल्यावर तिनं क पुन्हा हातात घेतली आणि दाखवलं, मधल्या फुगीर भागाभोवती तिची बोटं अंगठ्याला भेटतच नाहीत. पहिल्या सहांपैकी कुणाचाही तळहात मी मोजलेला नव्हता. साच्यावाल्याला थांबायला सांगितलंय, फुगवटा ३ मिलिमीटरनं कमी करून एक नमुना करते. अवशेष, यात माणसांचे ब्लॉक तळहाताच्या मापानुसार गटांत घालायचे असतील तर मुठीचा आणि गटाचा एकत्रित परिणाम कोणत्या एररनं तपासायचा?

अवशेष

मुठीचा, आणि मूठ गुणिले गटाचाही, गटांच्या आतल्या माणूस-गुणिले-मूठ या उरलेल्या भागानं. गटागटांतला नुसता फरक मात्र गटाच्या आतल्या माणसामाणसांतल्या फरकानं. एकाच तक्त्यात दोन वेगवेगळे छेद येतील, स्प्रेडशीटचा तो पर्याय ते करत नाही. प्रत्येक गटात निदान पाच-सहा जण घ्या. तळहात मोजायचा तर मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी आणि बोटांच्या मुळाशी रुंदी, दोन्ही घ्या, आणि मूठ हातात द्यायच्या आधी.